पुरस्कार हेही दानच आहे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



आजच्या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. परतफेडीची आशा न ठेवता, द्यायलाच हवं म्हणून, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं राजस. आणि चुकीच्या वेळी, अपात्र माणसाला, किंवा मान न राखता दिलेलं दान तामस.

दान म्हटलं की आपल्याला धान्याचं पोतं आठवतं, सप्ताहातली पंगत आठवते, मंदिराच्या वर्गणीची पावती आठवते. मला आज वेगळं दान दिसतंय. माणसाच्या कष्टाला त्याचं नाव घेऊन मान देणं, हेही दानच की. आणि त्याला खिशातून एक रुपयाही लागत नाही!

हा विचार डोक्यात येण्याचं कारण सांगतो. आमच्या भागात एक क्रीडाशिक्षक आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. कितीतरी वर्षं मुरमाच्या मैदानावर मुला-मुलींना बास्केटबॉल शिकवतायत. रिंगला जाळी नसते, चेंडू फाटतो, सर येतातच. यंदा लोकांच्या आग्रहावरून त्यांनी एका पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवला होता. तो बाद झाला. हरिपाठानंतर गप्पांत विषय निघाला, तर एक जण लगेच म्हणाला, "सर, गीता काय सांगते? कर्म करा, फळाकडे बघू नका." सर हसले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला फार लागलं.

दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तो कुणी कुणाला सांगायचा? करणाऱ्याने तो स्वतःला सांगायचा आहे. देणाऱ्याने करणाऱ्याच्या तोंडावर फेकायचा नाही. सरांनी पहाटे मैदानावर जाताना तो मनात म्हटला, तर ती साधना. आपण त्यांचा हक्काचा मान राखला नाही आणि वर तो श्लोक ऐकवला, तर ती आपली सोय झाली. भगवंतांनी निष्काम कर्म सांगितलं, त्याच भगवंतांनी पुढे १७ व्या अध्यायात देणाऱ्यालाही नियम घालून दिलेत. पहिला श्लोक सरांसाठी, दुसरा आपल्यासाठी. आपण नेमकी अदलाबदल करतो.

आता प्रश्न असा की, चांगल्या प्रशिक्षकाला न्याय मिळतो का? आजचे श्लोक याला तीन कसोट्या देतात : देश, काळ आणि पात्र.

आधी पात्र बघू. देशात प्रशिक्षकांसाठी सर्वांत मोठा मान म्हणजे द्रोणाचार्य पुरस्कार. तो १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार यांच्यासोबत कुस्तीसाठी आपले भालचंद्र भागवत यांना तो मिळाला. या पुरस्काराच्या नेहमीच्या गटात आधीच्या चार वर्षांची कामगिरी बघतात, आणि ती मोजतात शिष्यांनी ऑलिंपिक, आशियाई अशा स्पर्धांत मिळवलेल्या पदकांवरून. मोजायला काहीतरी माप हवंच, नाहीतर वशिला शिरतो. पण मापात जे मावत नाही त्याचं काय? भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोला. मग बास्केटबॉल शिकवणाऱ्याने पदकं आणायची कुठून? त्याच्या हाताखालून गेलेली पोरं व्यसनापासून लांब राहिली, पोलीस भरतीत पास झाली, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? एक मात्र मोकळेपणानं म्हणायला हवं की माप रुंद करता येतं. २०२३ चा द्रोणाचार्य मल्लखांबासाठी गणेश देवरुखकर यांना मिळाला. मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही, तरी त्याच्या गुरूपर्यंत मान पोचलाच ना!

मग काळ. पी. टी. उषाला पद्मश्री मिळाली १९८५ मध्ये. तिच्या गुरूंना, नंबियार सरांना, ती जाहीर झाली २०२१ मध्ये. मध्ये ३६ वर्षं गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर गेले. सचिन तेंडुलकरला पद्मश्री १९९९ ला, आचरेकर सरांना २०१० ला. आचरेकर सरांना द्रोणाचार्य १९९० मध्येच मिळाला होता, हे खरं. पण शिष्याच्या गळ्यातला हार गुरूपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागावीत? पेरणी झाली, पीक आलं, बाजारात विकलं गेलं, आणि बियाणं देणाऱ्याची आठवण पुढच्या पिढीला झाली, तसं हे झालं. भगवंतांनी दानात 'काळ' हा शब्द उगाच नाही घातला.

आणि देश, म्हणजे ठिकाण. इथे आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा. १९७८ चा जन्म. इंजिनिअरिंगची वाट सोडून पोरगा मुंबईला गेला, तिथे नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक सरांनी त्याला हाताशी धरलं. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांनी त्याच्या गोलंदाजीवर मेहनत घेतली. कसोटीत ३११ बळी, २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२० मध्ये पद्मश्री. आपल्या जिल्ह्याची मान उंचावली.

सुधीर नाईक स्वतः भारताकडून कसोटी खेळलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने १९७०-७१ ची रणजी जिंकली, तीही मोठे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना. नंतर ते वानखेडेची खेळपट्टी सांभाळायचे. २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाची अंतिम लढत झाली ती त्यांनी तयार केलेल्या खेळपट्टीवर, आणि त्या खेळपट्टीवर पहिल्या पाच षटकांत फक्त सहा धावा दिल्या त्यांच्या शिष्याने. गुरूने जमीन तयार केली आणि शिष्य त्यावर धावला, असा योग किती जणांच्या नशिबी येतो! ५ एप्रिल २०२३ ला नाईक सर गेले. द्रोणाचार्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

मी कुणावर आरोप करत नाहीये. एका खेळाडूला घडवणारे हात अनेक असतात. श्रीरामपूरच्या मैदानापासून चेन्नईपर्यंत, त्यातला नेमका गुरू कोण, हे ठरवणं निवड समितीला सोपं नाही. शेवटचा हात सगळ्यांना दिसतो, पहिला हात गर्दीत हरवतो. शिवाय अर्ज भरावा लागतो, प्रमाणपत्रं जोडावी लागतात, माझी कामगिरी अशी अशी, असं स्वतःच लिहावं लागतं. जो खरा वस्ताद आहे, आयुष्यभर तालमीत पोरांना 'मी मी करू नको' असं शिकवतो, त्याचा हात त्या अर्जावर थबकणारच.

गंमत बघा, पुरस्काराला ज्यांचं नाव आहे ते द्रोणाचार्य गीतेच्या अगदी सुरुवातीलाच भेटतात. दुर्योधन त्यांच्याकडे जातो आणि म्हणतो, समोरची सेना बघा, तुमच्याच शिष्याने ती रचली आहे. गुरूंना दिलेली ही ओळख आहे, पण तिच्यात टोमणा आहे, हिशेब आहे. थोड्याच वेळात दुसरा शिष्य बोलतो. अर्जुन म्हणतो, हे तर पूजेला योग्य, यांच्यावर बाण कसा सोडू? एकच गुरू, एकच रणांगण, आणि शिष्यांच्या नजरा दोन. दुर्योधनाला गुरूचा उपयोग दिसला, अर्जुनाला गुरू दिसला. पुरस्कार देतानाही आपली नजर या दोघांपैकी कुणाची आहे, एवढं तपासलं तरी पुष्कळ. नेत्याच्या हस्ते, फोटोपुरता, घाईघाईत उरकलेला सत्कार असेल तर शाल कितीही भारी असो, दान राजसच.

आणि योग्य नजर कशी असते, ते शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. नेवाशात चला. पैस खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. एवढा मोठा ग्रंथ, पण जागोजागी श्रेय कुणाला? सद्गुरू निवृत्तिनाथांना. आणि ग्रंथ संपताना शके १२१२ या सालाबरोबर आणखी एक नाव येतं, ते ग्रंथ लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं. बोलणारे माउली, पण लेखणी धरणारा हातही त्या ओवीत आदराने नोंदला गेला. सातशेहून जास्त वर्षं झाली, पारायण संपताना आजही गावोगावी ते नाव घेतलं जातं. वेळेवर, त्याच ठिकाणी, योग्य माणसाला दिलेलं हे दान. सात्त्विक दान आणखी वेगळं काय असतं?

तर माऊली, दिल्लीच्या समितीत आपण नाही. पण आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात जिंकलेल्या संघाचं नाव पुकाराल, तेव्हा शिकवणाऱ्याचंही पुकारा. पोराचा निकाल लागला, भरती झाली, तर फ्लेक्सवर भाऊ-दादांच्या फोटोंच्या गर्दीत एक कोपरा त्याच्या सरांना द्या. सरांचा प्रस्ताव करायचा असेल तर त्यांना भरायला लावू नका, माजी विद्यार्थ्यांनी बसून कागद गोळा करा. आणि यंदा नाही मिळाला तर त्यांना श्लोक ऐकवू नका. पुढच्या वर्षी पुन्हा करा. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितलंय, जो घेतो आणि परत देत नाही तो चोर. ज्याने आपल्याला उभं केलं त्याचं नाव गिळणं, हीसुद्धा चोरीच.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हाला मी फळाबद्दल काही सांगणार नाही, तुमचा श्लोक तुम्हाला पाठ आहे. एवढंच सांगतो की रिंगला जाळी बसवण्याचं काम आम्ही मनावर घेतलंय.

हे पांडुरंगा, आम्हाला घेतलेलं आठवू दे, आणि देणाऱ्याचं नाव तो जिवंत असतानाच घ्यायची बुद्धी दे.

रामकृष्ण हरी!