लावणारा कोण, सावली कोणाची?

वृक्ष लावणारा एक, सावलीत बसणारा दुसरा. मग लावणाऱ्याच्या पदरी काय? शंका जुनी आहे. तिला एक दूरदेशीचा दृष्टांत घेऊ.

जर्मनीत कासेल नावाचे शहर आहे. 1943 साली बाँबवर्षावात ते उद्ध्वस्त झाले, पुढे नव्याने बांधले गेले. तेथील कलाप्रदर्शनात 1982 साली योझेफ बॉइस नामक शिल्पकाराने मूर्ती मांडली नाही. पटांगणात काळ्या पाषाणाचे 7000 खांब रचले आणि सांगितले, एक झाड लावाल तेव्हा एक दगड हलेल, त्याच झाडाशेजारी उभा राहील.

लोक चिडले. धोंड्यांचा ढीग, ही कसली कला? पण ढीग हलवायचा उपाय एकच, झाड लावणे! मग शाळा, मंडळे, आळीकर आपापल्या जागा सुचवू लागले. 1986 च्या जानेवारीत बॉइस वारले. काम अपुरेच होते. 1987 साली त्यांच्या मुलाने शेवटचे झाड लावले.

म्हणाल, झाडे तर पालिकेच्या माळ्यानेही लावली असती. लावली असती हो. पण ती पालिकेचीच राहिली असती. आपल्या हाताने मुळाशी माती लोटली, म्हणजे झाडाची तहान आपल्याला कळते.

सज्जनहो, सावलीने ऊन निवते, पाने धूळ धरतात. हा देहाचा लाभ वाटसरूचाही आहे. लावणाऱ्याचा लाभ निराळा. परके वाटणारे शहर त्याला आपले होते. फळ पाहायला कर्ता उरलाच पाहिजे असे नाही. काम पुढे नेणारे हात उरले, की पुरे.