दुसऱ्याचे शब्द, आपला चेहरा

वृत्तनिवेदक जे वाचतो ते त्याचे नसते. मजकूर दुसऱ्याने लिहिलेला, निवड तिसऱ्याने केलेली. त्याने केवळ आपला कंठ व चेहरा द्यावयाचा. मग त्या मजकुरात असत्य असेल, तर दोषाचा वाटा निवेदकाकडे जातो काय? स्मिता पाटील यांच्या जीवनाचा विचार करताना हा प्रश्न मजपुढे उभा राहतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि आरंभीच्या त्या काळात पुण्याची ही तरुणी तेथे मराठी बातम्या वाचू लागली. (जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बसत, असे सांगतात, मेजाखालचे कोणास दिसणार?) त्यांना दूरचित्रवाणीवर पाहून श्याम बेनेगल यांनी ‘चरणदास चोर’ (१९७५) या बालचित्रपटात राजकन्येची भूमिका दिली. आम्हां रायपूरकरांना हा चित्रपट घरचा वाटतो. मूळ नाटक १९२३ साली याच शहरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांचे, चित्रीकरण छत्तीसगडातले, आणि त्यात येथल्या नाचा मंडळींतील कलावंत.

राजकन्येच्या वेषातील स्मिताबाई काहीही बोलल्या तरी कोणी फसत नाही. हा खेळ आहे हे लेकरांनाही कळते. बातम्यांच्या मेजामागे मात्र तोच चेहरा साक्षीदाराचा होतो.

त्याच वर्षी, २५ जून १९७५ रोजी, आणीबाणी पुकारली गेली व वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. १ ऑगस्टला उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविले गेले. त्यांत रायपूर, दुर्ग व बिलासपूर या जिल्ह्यांतील खेडी होती. शेती व आरोग्याचे ते कार्यक्रम उपयुक्तच होते. परंतु त्या पडद्यावर काय यावे आणि काय येऊ नये हे एकटे शासन ठरवीत होते, आणि पडताळून पाहण्यास खेडुतापाशी दुसरे साधन क्वचितच होते. येथे मी कोणा एका निवेदकावर आरोप करीत नाही, स्मिताबाईंवर तर नाहीच. त्या तोवर चित्रपटाकडे वळल्या होत्या.

भाषांतरकार या नात्याने मीही दुसऱ्याचेच शब्द बोलतो. पण माझ्यापुढे मूळ ग्रंथ उघडा असतो. वाचक ताडून पाहू शकतो व मला धरू शकतो. निवेदकाच्या हाती मात्र कापून उरलेला कागद येतो. काय गाळले हे त्याला ठाऊकच नसेल, तर त्याला दोषी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ठाऊक असेल, तर ‘मी केवळ वाचले’ हे उत्तर मला पुरे वाटत नाही. कारण मजकूर परका असला तरी, ज्या विश्वासाने लोक ऐकतात तो विश्वास त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर बसलेला असतो.

कधी खोटे बोलणार नाही, असे वचन चरणदासाने गुरूला दिलेले असते. नाटकात राणी त्याच्याशी विवाह करू इच्छिते. तो नकार देतो. निदान ही गोष्ट बाहेर कोणास सांगू नकोस, अशी ती विनवणी करते. कोणी विचारले तर खरे सांगावे लागेल, म्हणून तेही त्याला कबूल करवत नाही, आणि राणी त्याला ठार करविते. तिने त्याला खोटे बोलण्यास सांगितले नव्हते. फक्त गप्प राहण्यास सांगितले होते.