गरज कोणी ठरवायची? ज्यू कुटुंबसेवेतील एका विचाराची जडणघडण

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांत 'ज्यूइश फॅमिली सर्व्हिस' किंवा तशाच नावाची एक संस्था असते. वैवाहिक कलह, मुलांचे वर्तन, वृद्धांची शुश्रूषा, बेकारी, व्यसन, शोक अशा प्रसंगी कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेणारे, त्याला वाट शोधण्यास साहाय्य करणारे आणि वेळ पडल्यास पैसे, घर किंवा नोकरी मिळवून देणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते व समुपदेशक तेथे काम करतात. या संस्थांचा इतिहास सहसा एका सरळ रेषेत मांडला जातो: आधी दानधर्म होता, मग शास्त्रशुद्ध मदत आली आणि शेवटी मनाचे दुखणे ओळखणारी समुपदेशनाची दृष्टी आली. ही मांडणी चुकीची नाही, परंतु तिच्यामुळे एक अधिक जुना आणि अधिक अवघड प्रश्न झाकला जातो. मदत मागणाऱ्या कुटुंबाला काय हवे आहे हे कोणी ठरवायचे, आणि ते ठरविण्यासाठी त्याच्या आयुष्यात किती खोल शिरायचे, हा तो प्रश्न होय.

ज्यू धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. गरजूला देणे हे तेथे कर्तव्य मानले जाते आणि त्याला 'त्सेदाका' म्हणतात. प्रत्येक वस्तीत त्यासाठी 'कुप्पा' नावाचा सामाईक निधी असावा, तो किमान दोघांनी गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा, असा दंडक होता. वाटणाऱ्यांची संख्या तीन ठरविण्यामागचे कारण लक्षणीय आहे: कोणाला किती द्यायचे हे ठरविणे म्हणजे निवाडा करणे होय, आणि पैशाच्या दाव्यांना तीन न्यायाधीश लागतात, तसे येथेही लागतात. मागणाऱ्याची चौकशी करावी की नाही यावरही तालमूदमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रीय चर्चांच्या त्या प्रचंड संग्रहात, मतभेद नोंदलेला आहे. अन्न मागणाऱ्याची चौकशी करावी आणि वस्त्र मागणाऱ्याची करू नये, असे एकाचे म्हणणे होते, तर दुसऱ्याचे त्याच्या नेमके उलट होते, आणि पुढे प्रमाण मानले गेले ते हे दुसरे मत: भुकेल्याला आधी द्यावे, विचारपूस करीत बसू नये. त्याच ग्रंथातील आणखी एका कथेत हिलेल हा थोर गुरू हलाखीत सापडलेल्या एका कुलीन माणसाला घोडा आणि पुढे धावणारा सेवक मिळवून देतो, कारण त्या माणसाला जे उणे झाले होते ते तेच होते. बाराव्या शतकात मायमोनिडीस या विचारवंताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, तेव्हा नाखुशीने देण्याला त्याने सर्वांत खालचे स्थान दिले आणि सर्वांत वरचे स्थान दिले ते कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करण्याला. मधल्या पायऱ्यांपैकी बऱ्याच देणारा आणि घेणारा एकमेकांना किती ओळखतात यावर बेतलेल्या आहेत, म्हणजे घेणाऱ्याची लाज कशी झाकावी याचाच त्यांत विचार आहे.

अमेरिकेत या परंपरेवर एका वेगळ्याच दडपणाची छाया पडली. १६५४ मध्ये ब्राझीलमधील रेसीफे येथून निघालेले तेवीस ज्यू न्यू ॲम्स्टरडॅम या डच वसाहतीत, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, येऊन पोहोचले. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट त्यांना ठेवून घेण्यास तयार नव्हता. अखेर १६५५ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले, परंतु त्यांच्यातील गरिबांचा भार कंपनीवर किंवा वसाहतीवर पडता कामा नये, तो त्यांच्याच समाजाने सोसावा, अशी अट घातली. ज्या कर्तव्यामागे आजवर धर्माची आज्ञा होती त्याला आता जामीनकीचे रूप आले. आपला एखादा गरीब रस्त्यावर हात पसरताना दिसला तर साऱ्यांचाच राहण्याचा हक्क धोक्यात येईल, ही भीती तेव्हापासून अमेरिकी ज्यूंच्या परोपकारात मुरली. घेणाऱ्याची अब्रू राखणे आणि समाजाचे नाव राखणे या दोन प्रेरणा यानंतर शेजारी शेजारी चालू लागल्या, आणि त्या नेहमी एकाच दिशेला ओढत होत्या असे म्हणता येत नाही.

रिबेका ग्रॅट्झ आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी १८१९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेली गरजू ज्यू स्त्रियांसाठीची संस्था किंवा १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनेक मंडळांच्या एकत्रीकरणातून उभी राहिलेली 'युनायटेड हिब्रू चॅरिटीज' यांचे काम प्रारंभी ओळखीपाळखीच्या माणसांपुरते होते. १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, त्यापाठोपाठ ज्यूंवर हल्ले सुरू झाले, आणि १९२४ च्या कायद्याने अमेरिकेची दारे जवळजवळ बंद होईपर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू तेथे येऊन दाखल झाले. मदत देणारे बहुतांशी जर्मन वंशाचे, स्थिरावलेले आणि इंग्रजी बोलणारे होते, तर घेणारे यिडिश ही पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा बोलणारे, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील दाट चाळवजा इमारतींत राहणारे आणि शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबणारे होते. दोघांचा धर्म एक असला तरी घरातील वागण्याबोलण्याच्या रीती एक नव्हत्या. याच काळात प्रोटेस्टंट अमेरिकेत 'शास्त्रशुद्ध दान' ही चळवळ जोरात होती. मागणाऱ्याच्या घरी जाऊन पाहणी करावी, खरा गरजू आणि लबाड यांतील भेद ओळखावा व प्रत्येक कुटुंबाची लेखी नोंद ठेवावी, अशी तिची शिकवण होती. ज्यू संस्थांनी ही पद्धत उचलली. भुकेल्याची चौकशी करू नये हा जुना निर्णय मोडला जात आहे याची जाणीव काहींना असणार, तरीही हजारोंच्या रांगेपुढे तो कसा पाळावा याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

या ओढाताणीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे परागंदा नवऱ्यांचा शोध. स्थलांतर, बेकारी आणि अनोळखी शहर यांच्या कचाट्यात अनेक पुरुष बायकामुलांना टाकून नाहीसे होत. ज्यू धर्मशास्त्रानुसार विवाह मोडायचा तर पतीने स्वतः 'गेट' हे घटस्फोटपत्र द्यावे लागते. ते मिळाले नाही आणि पतीच्या मृत्यूचा पुरावाही नसला, तर स्त्री 'आगुना', म्हणजे जखडलेली, राहते आणि तिला पुन्हा लग्न करता येत नाही. मदतनिधीचा बराच भाग अशा स्त्रियांच्या पोषणावर खर्च होऊ लागल्यावर १९११ मध्ये 'नॅशनल डेझर्शन ब्यूरो' ही संस्था निघाली. तिच्या प्रयत्नांतून 'फॉरवर्ड' या यिडिश दैनिकात नाहीशा झालेल्या नवऱ्यांची छायाचित्रे छापली जात आणि वाचकांकडून त्यांचा ठावठिकाणा मागितला जाई. पळालेल्याला गाठून न्यायालयासमोर उभे करणे हा सुरुवातीचा उद्देश होता. परंतु प्रत्येक प्रकरणाच्या कागदांत एका संसाराची हकिगत जमा होत गेली. कोणाची मजुरी गेलेली होती, कोणाला क्षयाने गाठलेले होते, कोणाचे लग्न मायदेशी लहान वयात लावून दिलेले होते आणि वर्षानुवर्षांच्या ताटातुटीनंतर एकत्र आलेले जोडपे एकमेकांना परके झालेले होते. पोषणाचा खर्च वसूल करण्यासाठी बसवलेली ही यंत्रणा हळूहळू समेट, विभक्त राहण्याच्या अटी आणि मुलांचे हित यांची बोलणी करू लागली. कुटुंबाला उपाशी न ठेवणे एवढ्याने कुटुंब टिकत नाही, ही जाणीव येथे सिद्धान्तातून आलेली नाही. कारकुनी नोंदींच्या ढिगाऱ्यातूनच ती वर आली, आणि म्हणून तिचे मोल अधिक मानावे लागते.

१९१७ मध्ये मेरी रिचमंड यांचे 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक निघाले आणि एका व्यक्तीचा किंवा कुटुंबाचा सर्व बाजूंनी अभ्यास करून मदतीची दिशा ठरविण्याच्या पद्धतीला, म्हणजे 'केसवर्क'ला, शास्त्राचा दर्जा मिळाला. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला ज्यू समाजकार्याचे खास प्रशिक्षण देणारी शाळा उघडली. फ्रॉइडचे विचारही या पिढीने उत्सुकतेने वाचले. मात्र पैसे वाटणारी संस्था समुपदेशन करणारी संस्था बनली त्यामागे फ्रॉइडपेक्षा महामंदीचा हात मोठा होता. मंदीने खासगी निधी आटले. १९३३ मध्ये संघराज्य सरकारने मदतीसाठी पैसा दिला तेव्हा तो सरकारी यंत्रणांनीच वाटावा असा नियम केला. आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्ध, बेकार व निराधार मुले यांची तरतूद सार्वजनिक जबाबदारी बनली. फिलाडेल्फियातील ज्यू संस्थेत काम केलेल्या डोरोथी कान यांच्यासारख्या कार्यकर्त्या या सरकारी यंत्रणेत गेल्या. गरिबाच्या वाट्याला येणारी मदत उपकार म्हणून येऊ नये, हक्क म्हणून यावी, ही दृष्टी त्यांच्या पिढीने तेथे रुजवली. संस्थेच्या दारात भाकरीसाठी येणाऱ्यांची रांग ओसरल्यावर मागे राहिलेला कार्यकर्ता काय करणार, या प्रश्नातून समुपदेशन हे स्वतंत्र काम म्हणून पुढे आले. याचा एक परिणाम फार महत्त्वाचा ठरला. येणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवायचे नसल्यामुळे त्याची सत्यता तपासण्याचे कारण उरले नाही, आणि मदतनीस पहिल्यांदाच पडताळणी न करता ऐकू शकला.

जामीनकीची जुनी अट मात्र जगातून गेलेली नव्हती. हिटलरच्या जर्मनीतून सुटून आलेल्या ज्यूंसाठी १९३४ मध्ये मुंबईत 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' स्थापन झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने निर्वासितांना हिंदुस्थानात प्रवेश देताना त्यांच्या निर्वाहाची हमी या संघटनेकडून घेतली. त्याआधी सुमारे तीन शतके हडसन नदीच्या मुखाशी, न्यू ॲम्स्टरडॅममध्ये, घातलेली अट अरबी समुद्राच्या काठी जवळजवळ त्याच स्वरूपात पुन्हा घातली गेली. तेव्हा निर्वासिताला काय सोसावे लागले हे विचारण्यापूर्वी त्याला काम कोठे मिळेल हे विचारणे हमी देणाऱ्यांना भागच होते.

हीच घाई युद्धानंतर अमेरिकेत अधिक क्लेशदायक रीतीने दिसली. नाझी संहारातून वाचलेले सुमारे १ लाख ४० हजार ज्यू महायुद्धानंतरच्या काही वर्षांत तेथे आले आणि त्यांना वसविण्याचे काम ज्यू कुटुंबसेवा संस्थांवर पडले. इतिहासकार बेथ कोहेन यांनी 'केस क्लोज्ड' या २००७ च्या पुस्तकात त्या काळच्या प्रकरणांच्या कागदपत्रांचा अभ्यास मांडला आहे. मदतीला साधारण एका वर्षाची मुदत, लवकर इंग्रजी, लवकर नोकरी, आणि झाले गेले विसरून पुढे पाहण्याचा आग्रह असे एकूण धोरण त्यातून दिसते. झोप न येणे, सततच्या वेदना, कामावर जाण्याची भीती यांकडे पुष्कळदा असहकार म्हणून पाहिले गेले. मायमोनिडीसची सर्वांत वरची पायरी, माणसाला स्वावलंबी करण्याची, येथे जणू पाळली जात होती. परंतु ज्याने आईवडील, पत्नी आणि मुले गमावली त्याला नेमके काय उणे झाले आहे, हा हिलेलचा प्रश्न विचारायचा राहून गेला. त्या कार्यकर्त्यांना निष्ठुर ठरविणे अन्यायाचे होईल. फायली, मुदती आणि देणगीदारांचे हिशेब त्यांच्या मागे होते, आणि इतक्या प्रचंड दुःखाला नाव देणारी भाषा मानसशास्त्रापाशीही तेव्हा नव्हती. विल्यम नीडरलँड या मनोविश्लेषकाने अशा लोकांच्या दीर्घकालीन लक्षणांचे एकत्रित वर्णन केले ते १९६० च्या दशकात, आणि तेही मुख्यतः जर्मनीकडून भरपाई मिळविण्यासाठी कराव्या लागणाऱ्या तपासण्यांच्या निमित्ताने.

त्याच सुमारास ऐकण्याची एक नवी रीत या संस्थांतच आकार घेत होती. पूर्व युरोपातील बेसाराबियातून लहानपणी अमेरिकेत आलेले मनोविकारतज्ज्ञ नेथन ॲकरमन यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश फॅमिली सर्व्हिसमध्ये कुटुंबांसाठी मानसिक आरोग्याचा दवाखाना सुरू केला आणि १९६१ मध्ये संस्थेच्याच बीटमन व शर्मन यांच्यासह कुटुंबोपचाराच्या पायाभूत विचारांचा ग्रंथ संपादित केला. मनोविश्लेषणात रुग्ण एकटा आत जातो आणि त्याच्या गोपनीयतेसाठी घरच्यांना बाहेर ठेवले जाते. ॲकरमन यांनी साऱ्या घराला एका खोलीत बसविले, आणि मुलाचे दुखणे हे पुष्कळदा घरातील न बोललेल्या भांडणाचे दुखणे असते असे दाखविले. परागंदा नवऱ्यांच्या फायली चाळणाऱ्यांना जे धूसर दिसले होते त्याला येथे उपचारपद्धतीचे रूप मिळाले. गरज काय आहे हे आता एका माणसाच्या तोंडून कळण्यासारखे राहिले नाही, कारण नवरा, बायको, आजी आणि मूल यांची उत्तरे निरनिराळी निघत आणि त्यांतील कोणतेही खोटे नसे.

समाजाचे नाव राखण्याची प्रेरणा येथेही अडसर ठरली. 'शालोम बयित', म्हणजे घरातील शांतता, हा उदात्त आदर्श मार खाणाऱ्या स्त्रीला गप्प बसविण्यासाठी वापरला जाई. ज्यू घरांत असे घडतच नाही ही समजूत बाहेर अभिमानाने सांगितली जाई. आणि कट्टर धार्मिक वस्त्यांत मुलामुलींची लग्ने जुळताना घराण्याची बारकाईने चौकशी होत असल्यामुळे समुपदेशकाच्या पायऱ्या चढणे हेच बदनामीचे कारण ठरे. दाराबाहेर थांबण्याची खोली वेगळी ठेवणे, ओळखीच्या दोन कुटुंबांच्या वेळा लागोपाठ न देणे, प्रार्थनामंदिरात भेटलेल्या अशिलाला आपण होऊन ओळख न दाखविणे, अशा साध्या वाटणाऱ्या दक्षतांना त्यामुळे नैतिक वजन आले. १९९३ मध्ये न्यूयॉर्कला 'शालोम टास्क फोर्स' स्थापन झाली आणि नाव न सांगता फोनवर बोलण्याची सोय धार्मिक स्त्रियांना मिळाली, तेव्हा आदर्शाचे नाव तेच राहिले, पण त्याआड घडणारे बोलण्याची मुभा मिळाली. समाजाने स्वतःच्या प्रतिष्ठेपेक्षा त्यातील एका दुबळ्या घटकाच्या अब्रूला वर ठेवले, हे या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल मानावे लागेल.

संहारातून वाचलेल्यांकडे या संस्था दुसऱ्यांदा वळल्या तेव्हा ते वृद्ध झालेले होते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या 'क्लेम्स कॉन्फरन्स' या संघटनेने जर्मनीकडून मिळविलेल्या निधीतून त्यांच्या घरी शुश्रूषक पाठविले जातात, आणि २०१५ पासून अमेरिकी सरकारच्या अनुदानावर आघाताचे भान ठेवून शुश्रूषा करण्याचे प्रशिक्षणही दिले जाते. स्नानघरातील फवारा, पांढरा डगला घातलेला डॉक्टर, रांगेत उभे राहण्याची सूचना, दारावरची अचानक थाप यांतून नाझी छावणीची आठवण जागी होऊ शकते, हे शुश्रूषकाला शिकविले जाते. तेव्हाच्या भुकेच्या आठवणीने उशीखाली ठेवलेला पावाचा तुकडा काढून टाकू नये, हेही शिकविले जाते. हे प्रशिक्षण घेणाऱ्यांत ज्यू नसलेल्या, स्वतः दुसऱ्या देशांतून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, आणि संस्थांकडे येणाऱ्या कुटुंबांतही अन्य धर्मांची माणसे आता पुष्कळ आहेत. तेव्हा अशा संस्थेला ज्यू का म्हणावे, असा प्रश्न देणगीदारांच्या बैठकांत उपस्थित होतो. त्याचे उत्तर अशिलाच्या धर्मात शोधण्याचे कारण नाही. पाव उशीखाली राहू देणारी शुश्रूषक स्वतः कोणत्याही धर्माची असली, तरी भुकेल्याची चौकशी करू नये या तालमूदमधील निर्णयाचीच ती अंमलबजावणी करीत असते.