आजाऱ्याच्या घरात ऐकलेले

ख्रिस्तजन्माच्या काही शतके आधी ग्रीस देशातील वैद्य एक शपथ घेत. ती हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाते. त्यानेच ती रचली की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. हे वैद्य अपोलो वगैरे देवांना साक्षी ठेवीत. जिवंत देवाची त्यांना ओळख नव्हती. तरी त्यांचे वचन पाहा: ज्या घरी जाऊ तेथे रोग्याच्या हितासाठीच जाऊ, कोणी मागितले तरी विष देणार नाही, आणि बाहेर बोलू नये असे जे पाहू वा ऐकू ते गुप्त ठेवू. १९४८ साली, नाझी डॉक्टरांची क्रूर कृत्ये उघड झाल्यावर, जागतिक वैद्यक संघाने जिनीव्हात नवी प्रतिज्ञा केली. तिच्यातही गुप्ततेचे वचन राहिले.

आणि आपण? आजाऱ्याजवळ प्रार्थना करून निघतो, आणि फाटकाशी येईतो त्याचा क्षय, त्याच्या सुनेचा गर्भपात आपल्या तोंडी असतो. वर म्हणतो, "प्रार्थनेत आठवण ठेवा हं!" मग एखादी बहीण आपले दुखणे पाळकांनाही सांगत नाही, याचे नवल का वाटावे? प्रभूने बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करण्यापूर्वी गर्दीतून एकीकडे नेले (मार्क ७:३३). येत्या प्रार्थनासभेत कोणाचे नाव घेण्याआधी आपण त्याच्या घरी जाऊन विचारू या, "सांगितले तर चालेल का?"