दान, वेठ आणि परक्या देशाची माती

आमच्या परिचयाच्या एका बौद्ध कुटुंबातील मुलगा वास्तुकलेचे शिक्षण घेत आहे. सुट्टीत परदेशातील एका गरीब गावी शाळा बांधण्याच्या कामावर स्वयंसेवक म्हणून जावे, असे त्याच्या मनात आले आहे. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावयाचा. हे ऐकून आजोबांनी विचारले, "पदरचे पैसे मोडून विटा वाहायला जायचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजोबांच्या वडिलांनी गावच्या वाड्यासाठी माती तुडविली, आणि मोबदला म्हणून शिळी भाकरी घेतली. त्याला कोणी सेवा म्हटले नाही. ती वेठ होती. मग तीच माती पणतूने तुडविली तर ते दान कसे?

भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले. वेठीत हात आपले असतात, इच्छा दुसऱ्याची. दानात दोन्ही आपली. येथवर पणतूची बाजू खरी आहे. पण चेतना शुद्ध असली म्हणजे भागले काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्रीची आवश्यकता सांगितली आहे. करुणा उंचावरून करता येते. मैत्रीला मात्र शेजारी बसावे लागते. आपल्या वस्त्यांतही उपकारकर्ते येऊन गेले. चूल कोठे हवी, हे त्यांनी घरातल्या बाईला कधी विचारले?

बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचे खेडे आहे. अ‍ॅना हेरिंगर ही तरुणी १९९७ साली प्रथम त्या देशात आली, ती 'दीपशिखा' या तेथीलच संस्थेची स्वयंसेविका म्हणून. आली आणि लगेच बांधू लागली, असे झाले नाही. ती तेथे राहिली, लोकांकडून शिकली, मग ऑस्ट्रियातील लिंझ येथे वास्तुकला शिकताना पुन्हा पुन्हा परत गेली. रुद्रपूरची शाळा हाच तिच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय झाला. २००५ साली आइके रोझवाग या वास्तुविशारदासह तिने ती शाळा उभारण्यास घेतली. सामान गावचेच : माती, भाताचा पेंढा, बांबू. चिखल तुडवायला जनावरे, काम करायला तेथलेच कारागीर. मातीचे घर म्हणजे दारिद्र्याची खूण, असे तेथेही लोक मानतात. दोष मात्र मातीत नव्हता. जुन्या घरांना पक्का पाया नसे, जमिनीची ओल भिंतीत चढे. येथे विटांचा पाया घातला, ओल अडविणारा थर दिला, खाली जाड मातीच्या भिंती आणि वर बांबूचा मजला. २००७ साली या शाळेला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट अशी की हे ज्ञान कारागिरांच्या हातात राहिले. पुढे त्याच गावात ढाक्याच्या व लिंझच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासह घरेही बांधली.

आता यात दाता कोण? विद्यार्थिनीने पाया शिकविला. गावाने तिला माती शिकविली. याउलट, दोन आठवड्यांसाठी जाऊन, गवंड्याची मजुरी बुडवून, फोटोपुरती वीट उचलणारेही असतात. त्यांच्याबद्दल आजोबांचेच म्हणणे आम्हाला पटते.

हे सर्व आम्ही त्या मुलाला सांगितले. त्याने अजून तिकीट काढलेले नाही. त्या संस्थेला त्याने पत्र लिहून विचारले आहे की शाळेचा नकाशा कोणी ठरविला, गावातल्या गवंड्यांना मजुरी मिळणार काय, आणि पहिल्या पावसाळ्यात भिंत खचली तर ती कोण दुरुस्त करणार. आजोबा पत्राच्या उत्तराची त्याच्यापेक्षा जास्त वाट पाहत आहेत.