उतारू आणि उतराई

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण रचणारा मनुष्य खाडीकाठचा असता, तर त्याने वैद्याऐवजी नावच योजली असती. दुखणे उलटेल या भीतीने वैद्याला निदान नमस्कार तरी घडतो. पूल झाल्यावर नावेची आठवण कोणाला?

१९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि नव्या मुंबईचे दार उघडले. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हाव्याकडे जाणारा सुमारे बावीस किलोमीटरांचा अटल सेतू आला. तरीही मोऱ्याची लाँच भाऊच्या धक्क्याला येते, आणि त्याच धक्क्यावरून मार्च २०२० पासून ग्रीसमध्ये बांधलेली एक मोठी बोट मोटारी पोटात घेऊन मांडव्याला जाते. तिचाही दिवस कधीतरी सरेलच. खारे पाणी कोणत्याच लोखंडाला सोडत नाही. मग दारूखान्यासारख्या एखाद्या ठिकाणी पत्रा कापला जाईल व भट्टीत जाईल.

यात वावगे काय? भगवान बुद्धांनी विचारले होते, तराफ्याने पाणी उतरून गेलेल्याने कृतज्ञता म्हणून तो डोक्यावर घेऊन हिंडावे काय? त्यांचे उत्तर 'नाही' असेच आहे, आणि ते मला पटते. परंतु दृष्टान्तातला तो तराफा काड्या-फांद्यांचा होता, आणि पार होणाऱ्यानेच तो स्वतः बांधला होता. मागे काठावर कोणी उरत नव्हते. आमच्या नावेत मात्र तांडेल होता, खलाशी होता. तराफा टाकता येतो. माणूस टाकता येत नाही.

१७ जुलै १९४७ ला रेवसजवळ 'रामदास' बोट बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. लाटांतून जी थोडी वाचली, त्यांतल्या कित्येकांना कोळ्यांच्या मचव्यांनी वर काढले. ते ऋण कोणत्या टोलनाक्यावर फिटते?

पूल नको, असे माझे म्हणणे नाही. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीला पूलच हवा. पण पुलाच्या खर्चात सिमेंट-लोखंड जसे धरतात, तसे तांडेलाचे पोटही धरले पाहिजे. ती कृपा नव्हे, ते देणे आहे.

'उतारू' आणि 'उतराई' हे दोन शब्द मला नेहमी सख्खी भावंडे वाटतात. पार उतरणे सोपे. उतराई होणे अवघड. पाडव्याला आपण वह्या पूजतो. त्या वहीत एवढी एक बाकी मांडून ठेवावी.