खिडकीपलीकडचा माणूस

१९९५ साली उत्तर इटलीतल्या बोल्झानो शहरात अलेक्झांडर लांगर यांना महापौरपदाची निवडणूक लढवू दिली गेली नाही. लांगर त्या वेळी युरोपीय संसदेचे सदस्य होते आणि जर्मन व इटालियन दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलत. अडचण एवढीच की, १९९१ च्या जनगणनेत आपण कोणत्या भाषागटाचे, हे लिहून द्यायला त्यांनी नकार दिला होता. बोल्झानो ज्यात येतं त्या दक्षिण टिरोल प्रांतात ते निवेदन नसेल, तर उमेदवारी नाही आणि सरकारी नोकरीही नाही. अल्पसंख्याकांना राज्यकारभारात वाटा देणारी म्हणून जगभर वाखाणली जाते, ती व्यवस्था हीच.

माझं मन लांगरांच्या बाजूचं आहे. तरीही हा जाच कशातून आला, ते पाहिल्याशिवाय निवाडा देता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा डोंगरी मुलूख इटलीकडे गेला. फॅसिस्टांनी जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, कचेऱ्यांतून जर्मन हाकलली. १९४६ मध्ये ऑस्ट्रियाचे ग्रुबर आणि इटलीचे द गास्पेरी यांच्यात करार झाला. सरकारी नोकऱ्यांत दोन्ही समाजांचं रास्त प्रमाण साधावं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहिलेलं तिथेच राहिलं. रेल्वे, टपाल आणि कर खात्यांत इटालियन बोलणाऱ्यांचाच भरणा राहिला. प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे कित्येक मनोरे स्फोटांनी पाडले गेले. मग कुठे रोम हललं.

१९७२ च्या स्वायत्तता कायद्याने आणि १९७६ च्या हुकुमाने पोलीस आणि संरक्षण खातं वगळता प्रांतातल्या सरकारी जागा भाषागटांच्या लोकसंख्येनुसार वाटायचं ठरलं. २०११ च्या मोजणीत जर्मन सुमारे ६९ टक्के, इटालियन २६ आणि लादिन ही तिसरी भाषा बोलणारे साडेचार टक्के होते. प्रांताचं मंत्रिमंडळही विधिमंडळातल्या भाषिक बळानुसार बनतं. पण माणसं प्रमाणात बसवायची तर आधी ती मोजावी लागतात आणि मोजायची तर प्रत्येकाला एक खण निवडावा लागतो. आई इटालियन आणि वडील जर्मन असलेल्या मुलाने काय लिहायचं? ‘इतर’ म्हणायची सोय पुढे झाली. मात्र नोकरीसाठी तिघांपैकी एका गटाला चिकटावंच लागतं. लांगरांना खुपत होतं ते हेच.

या व्यवस्थेचं कौतुक होतं ते टक्केवारीसाठी. मला तिचा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, तो म्हणजे द्विभाषा परीक्षा. शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला, तो कोणत्याही गटाचा असो, जर्मन आणि इटालियन दोन्ही येत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरांच्या टंचाईमुळे इस्पितळांत ही अट सैल करावी लागते आणि त्यावर वाद होतात, हे खरं. पण टपाल कचेरीत आलेल्या म्हातारीला खिडकीपलीकडच्या बाबूची मातृभाषा कोणती याच्याशी काय देणंघेणं? आपलं म्हणणं त्याला कळलं म्हणजे झालं. खणांची सक्ती हळूहळू सोडून देता येईल. परीक्षा मात्र सोडू नये.

आपल्याकडे १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली, तेव्हा केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षक तरतुदी आखल्या. घटनेत ३५०-ब कलम आलं, आयुक्त नेमला गेला. राज्यसेवेत शिरताना राज्यभाषेची पूर्वअट नसावी, परिविक्षा संपण्याआधी ती शिकावी, असं ठरलं. हे उमेदवाराला दार उघडणं झालं. पण बहुसंख्य समाजातल्या कारकुनाने अल्पसंख्याकाची भाषा शिकावी, अशी अट त्या तरतुदींत नव्हती आणि आयुक्ताच्या हाती शिफारशीपलीकडे काही नाही. बेळगावच्या मराठी माणसाने मतपेटीतून महापालिका जिंकूनही दाखवली. २००५ मध्ये त्या सभागृहाने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. निवडून आलेलं सभागृह एका आदेशाने जातं. मराठीतला अर्ज वाचू शकणारा कारकून तिथे नेमलेला असता, तर तो बरखास्तीनंतरही खुर्चीत राहिला असता.

बेळगावचं दुःख आपल्याला ठाऊक आहे, म्हणून स्वतःकडेही पाहायला हवं. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड गावांत तलाठी कोणत्या भाषेत बोलतो? भामरागडच्या तहसील कचेरीत आलेल्या माडिया बाईची तक्रार मराठीत कोण उतरवून घेतं? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली. निकाल योग्यच होता. पण पाटीखालच्या दारातून आत गेल्यावर उर्दूतला अर्ज कोण वाचणार, हे त्या दाव्यात कोणी विचारायचं कारणच नव्हतं. तो वाचू शकणारा माणूस नेमायची सक्ती आपल्या कायद्यात नाही.